एफएफटीचं हार्डवेअर करताय? मल्टिप्लायरच्या आधी मेमरीकडे बघा

एफएफटी (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी झटपट काढायची पद्धत) चिपवर बसवायचा म्हटलं की आपण सरळ बटरफ्लायचा, म्हणजे दोन आकड्यांची बेरीज-वजाबाकी आणि एक गुणाकार करणाऱ्या छोट्या ब्लॉकचा, कोड लिहायला बसतो, मी पण पहिल्यांदा तेच केलं आणि नंतर अर्धं डिझाइन फेकून द्यावं लागलं. आधी एवढंच ठरवा की डेटा किती वेगाने येतोय आणि तुमचं क्लॉक किती आहे. 1024 पॉइंट धरा, रॅडिक्स-2 ने (दर बटरफ्लायला दोन आकडे घेऊन) 10 स्टेज, प्रत्येकीत 512 बटरफ्लाय, म्हणजे एकूण 5120. एकच युनिट 100 मेगाहर्ट्झवर दर क्लॉकला एक बटरफ्लाय काढत असेल तर साधारण 51 मायक्रोसेकंदात सगळं उरकतं, तेवढा वेळ असेल तर पाइपलाइनच्या (दर स्टेजला वेगळं युनिट) नादी लागूच नका, एरिया भरपूर वाचतो.

इथे खरी गोची मेमरीची होते. एका क्लॉकमध्ये दोन आकडे वाचायचे आणि दोन लिहायचे, ते दोन्ही एकाच बँकेत (मेमरीच्या एकाच भागात) सापडले की गाडी अडली. पण गंमत अशी की कुठल्याही स्टेजला बटरफ्लायच्या दोन अ‍ॅड्रेसमध्ये एकच बिट वेगळा असतो, म्हणून अ‍ॅड्रेसच्या सगळ्या बिटांचा एक्सऑर (1 ची संख्या विषम असेल तर 1, नाहीतर 0) काढायचा, 0 आला तर पहिली बँक, 1 आला तर दुसरी. 5 म्हणजे 101, एक्सऑर 0. 7 म्हणजे 111, एक्सऑर 1. टक्कर होतच नाही! प्रत्येक बँकेला एक रीड आणि एक राइट पोर्ट दिला की झालं. मला ही युक्ती आजही भारी वाटते.

डेटा थांबतच नसेल, दर क्लॉकला नवीन सॅम्पल येत असेल, तर मात्र सिंगल-पाथ डिले फीडबॅकवाली पाइपलाइन घ्या, म्हणजे दर स्टेजला एक बटरफ्लाय आणि आकडे जोडीदार येईपर्यंत धरून ठेवणारा एक डिले. डिले 512, 256, 128 असे निम्मे होत जातात, बेरीज 1023. मोठे डिले रॅममध्ये टाका, छोटे शिफ्ट रजिस्टरमध्ये. साध्या रॅडिक्स-2 ला 8 कॉम्प्लेक्स मल्टिप्लायर लागतात, रॅडिक्स-2 स्क्वेअर (दोन-दोन स्टेज जोडीने मांडायची पद्धत) घेतलं तर 4 च, आणि बटरफ्लाय तितकाच साधा राहतो.

मल्टिप्लायर कमी करायचे अजून दोन मार्ग आहेत. कॉम्प्लेक्स गुणाकार 4 ऐवजी 3 साध्या गुणाकारांत बसतो, फक्त बेरजा थोड्या वाढतात. आणि 0.7071 ने गुणायचं असेल तर मल्टिप्लायर लावूच नका, 181 ने गुणून 8 बिट उजवीकडे सरकवा. आधी x मध्ये 4x मिळवून 5x करा, मग त्याची 4 पट आणि 32 पट मिळवा, 180x झालं, त्यात x टाका. तीन अ‍ॅडरमध्ये काम फत्ते, शिफ्ट तर नुसती वायर असते.

आता बिटांचं. प्रत्येक स्टेजला बेरजेने एक बिट वाढू शकतो, म्हणून बहुतेक जण दर स्टेजला निम्मं करतात, पण खालचा बिट नुसता कापू नका, राउंड करा. कापल्यावर प्रत्येक आकडा थोडा खालीच सरकतो, मी नॉइज देऊन बऱ्याच फ्रेमची सरासरी काढली तेव्हा शून्य फ्रिक्वेन्सीच्या बिनमध्ये (आउटपुटच्या कप्प्यात) भलताच आकडा दिसला, दोन दिवस तो बग मी ट्विडल रॉममध्ये (बटरफ्लायमध्ये गुणायचे ठरलेले आकडे, म्हणजे ट्विडल, जिथे साठवतात तिथे) शोधत होतो.

आणि हो, 16 बिटांच्या साइन्ड फ्रॅक्शनमध्ये +1 बसत नाही, सगळ्यात मोठा आकडा 32767 भागिले 32768. त्यामुळे ट्विडल 1 असेल तिथे गुणाकार टाळून डेटा थेट पुढे सोडा, पण पाइपलाइनमध्ये मल्टिप्लायरला लागतात तेवढेच क्लॉक त्या वाटेवरही द्या.