युकॉन नदीत १५-१७ दिवस कनू चालवायचीय? मग आधी तळ्याचा हिशोब करा

कॅनडात व्हाइटहॉर्सपासून डॉसनपर्यंत युकॉन नदीतून साधारण ७१५ किमी, वाटेत धड एकच गाव, कारमॅक्स. आम्ही चौघं दोन कनू (वल्ह्याने चालवायच्या अरुंद होड्या) घेऊन गेलो होतो, तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतच असतं की प्लॅन कसा करायचा, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळे आधी रॅपिड्सचं, म्हणजे खडकांतून उसळत जाणाऱ्या जोरदार पाण्याचं विचारतात. पण तुमचं वेळापत्रक बिघडवतं ते लाबर्ज तळं. व्हाइटहॉर्स सोडलं की दुसऱ्या दिवशी नदी या तळ्यात शिरते, लांबी जवळपास ५० किमी, प्रवाह नाहीच म्हणा ना, आणि दुपारी वारा सुटला की अशा लाटा उठतात की उघडी कनू भरायला वेळ लागत नाही. पाणी भर उन्हाळ्यातही बर्फासारखं, त्यामुळे पोहता येतं वगैरे विसरा, लाइफ जॅकेट अंगावरच पाहिजे, बोटीत ठेवलेलं काही कामाचं नाही. बहुतेक जण उजवा किनारा धरतात, तुम्हीही धरा, आणि मधून शॉर्टकट मारायचा मोह टाळा. पहाटे निघायचं, वारा आला की काठावर चहा करत बसायचं. आम्ही एक अख्खा दिवस तंबूत पत्ते कुटत काढला.

हिशोब असा धरा: तळ्याला तीन दिवस, बाकी नदीत रोज ५०-६० किमी सहज होतात कारण प्रवाहच ढकलतो, म्हणजे बारा दिवस, वर दोन दिवस राखीव. परतीचं विमान याच्या नंतरचंच काढा. एवढी रजा नसेल तर कारमॅक्सलाच थांबा, साधारण ३२० किमी होतात आणि तिथपर्यंत हायवे आहे. जायचं जून ते सप्टेंबरची सुरुवात, पण तळ्यावरचा बर्फ जूनच्या तोंडावरही असू शकतो, तेवढं विचारून घ्या. जून-जुलैत डास अक्षरशः फोडून काढतात, म्हणून तंबू झाडीत न लावता बेटाच्या टोकाला खडीवर लावा, तिथे वारा असतो. कनू मात्र वर ओढून बांधा, रात्रीत पाणी चढतं.

कनू व्हाइटहॉर्सला भाड्याने मिळते आणि डॉसनला परत देता येते, फक्त आधी बुक करा. अस्वलांसाठीचा स्प्रे आणि स्टोव्हचा गॅस विमानात नेता येत नाही, तिथेच घ्या. खाणं घट्ट झाकणाच्या पिंपात भरायचं आणि ते तंबूपासून लांब ठेवायचं, स्वयंपाकही लांबच. काळी अस्वलं आहेत, ग्रिझली पण आहेत, आणि लसणाच्या चटणीचा वास त्यांनाही येतो! आमचं भाजणी, पिठल्याचं पीठ आणि मेतकूट-भात यावर मस्त भागलं, फोडणीचा घमघमाट तेवढा आवरता घेतला. मोबाइलला रेंज जवळपास कुठेच नाही, सॅटेलाइट मेसेंजर घ्याच आणि कुठल्या दिवशी कुठे असणार ते घरी लिहून द्या.

आता रॅपिड्स. कारमॅक्सच्या पुढे फाइव्ह फिंगर, चार खडक नदीचे पाच फाटे करतात. आपला फाटा अगदी उजवा, बाकी कुठलाच नाही, म्हणून खडक दिसायच्या आधीपासूनच उजवा काठ धरा, सामान बांधलेलं असू द्या. लाटा उभ्या असतात, बोटीत पाणी येतं, एका मिनिटात संपतं. थोड्या वेळाने रिंक नावाचा दुसरा रॅपिड लागतो, तिथेही उजवीकडूनच.

पेली नदी येऊन मिळते तिथे फोर्ट सेल्कर्क आहे, तिथे एक मुक्काम ठेवाच. जुनी लाकडी घरं, चर्च, आणि नदीवर उतरणारी संध्याकाळ जी जूनमध्ये काही केल्या संपत नाही.

पुढे डावीकडून व्हाइट नदी येते आणि पाणी सिमेंट कालवल्यासारखं होतं, गाळ बोटीच्या बुडाला घासून सुरसुर आवाज येत राहतो. या पाण्याने फिल्टर लगेच तुंबतो. त्याआधीच कॅन भरून घ्या, नंतर बाजूचे स्वच्छ ओढे शोधा, पाणी उकळूनच प्या.

डॉसन उजव्या काठावर आहे. प्रवाह जोरात असतो, त्यामुळे बराच आधीपासून उजवीकडे रहा, क्लोंडाइक नदी मिळाली की लगेच गाव. कॅम्पग्राउंड मात्र समोरच्या डाव्या काठावर, पण पलीकडे नेणारी फेरी बोट फुकट आहे.