हेडिंगपासून जीपीएसपर्यंत: वैमानिकांनो, नेव्हिगेशनमधल्या या चुका टाळा

विमान भरकटतं ते बऱ्याचदा धडधाकट यंत्राला चुकीचा आकडा दिल्यामुळे. आकडा ज्या कागदावरून घेतला त्याच कागदाशी तो पुन्हा ताडला, तर चूक सापडत नाही. ताडायला वेगळं काहीतरी लागतं.

आकडा भरताना

3 सप्टेंबर 1989 रोजी ब्राझीलमध्ये वारिगचं फ्लाइट 254 माराबाहून बेलेंकडे निघालं. फ्लाइट प्लॅनवर हेडिंग, म्हणजे विमानाचं नाक ठेवायची दिशा, 0270 असं छापलं होतं. अभिप्रेत होतं 27.0 अंश. कॅप्टनने लावलं 270, म्हणजे थेट पश्चिम. सहवैमानिकाने प्लॅन न बघता कॅप्टनचाच आकडा उचलला. बेलें उत्तरेला, आणि संध्याकाळच्या वेळी विमानाचं नाक मावळतीकडे! अखेर इंधन संपलं आणि विमान जंगलात उतरवावं लागलं. तेव्हा हेडिंग लावण्याआधी एक ढोबळ प्रश्न विचारा: ठिकाण कुठल्या दिशेला आहे, आणि सूर्य कुठल्या बाजूला दिसायला हवा?

दोघे वैमानिक असतील तर दोघांनी आकडा आपापला वाचायचा. एकाने भरायचा, दुसऱ्याने पडद्यावरून मोठ्याने वाचायचा. 2015 मध्ये सिडनीहून निघालेल्या एअरएशिया एक्सच्या विमानात विमानाच्या जागेचा रेखांश 151 अंश 9.8 मिनिटांऐवजी 15 अंश 19.8 मिनिटं असा भरला गेला. यंत्राच्या लेखी विमान सुमारे 11,000 किलोमीटर दूर होतं.

वेपॉइंटचं, म्हणजे मार्गावरच्या ठरलेल्या बिंदूचं, नाव निवडतानाही हेच. 1995 मध्ये कोलंबियातल्या काली शहराजवळ अमेरिकन एअरलाइन्सच्या फ्लाइट 965 मध्ये रोझो बीकनसाठी (बीकन म्हणजे दिशा दाखवणारं जमिनीवरचं रेडिओ केंद्र) नुसतं ‘आर’ हे अक्षर टाकलं गेलं. संगणकाने बोगोटाजवळचा रोमिओ बीकन निवडला, विमान वळलं आणि पुढे डोंगरावर आदळलं. एंटर दाबण्याआधी नव्या पॉइंटचं अंतर आणि दिशा प्लॅनशी जुळते का ते पाहा. दाबल्यावर विमान अनपेक्षित बाजूला वळू लागलं, तर कारण शोधत बसू नका. आधी हेडिंग मोडवर (ऑटोपायलट फक्त तुम्ही दिलेली दिशा धरतो) येऊन वळण थांबवा आणि सुरक्षित उंची गाठा.

होकायंत्र आणि चुंबकीय फरक

नकाशावर मोजलेली दिशा खरी उत्तर धरून असते, होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं. या दोन उत्तरांमधला फरक पूर्वेचा असेल तर खऱ्या दिशेतून वजा, पश्चिमेचा असेल तर अधिक. 10 अंशांचा फरक उलट्या बाजूने लावला की चूक थेट 20 अंशांची होते. ‘साठात एक’ हा नियम इथे कामी येतो: 1 अंश चुकला तर 60 सागरी मैलांवर विमान सुमारे 1 मैल बाजूला जातं. 60 मैलांनंतर 4 मैल डावीकडे सरकला असाल आणि अजून 60 मैल उरले असतील, तर उजवीकडे 8 अंश वळा: 4 मार्गाला समांतर होण्यासाठी, 4 ठिकाण गाठण्यासाठी. नवशिके पहिलेच 4 वळतात आणि ठिकाण उजवीकडे निसटतं.

जायरोवर (वेगाने फिरणाऱ्या चाकावर) चालणारा हेडिंग इंडिकेटर हळूहळू सरकतो. दर 15 मिनिटांनी तो होकायंत्राशी जुळवा, पण विमान सरळ, समतल आणि स्थिर वेगात असतानाच. वळणात होकायंत्र स्वतःच फसवतं. डॅशबोर्डवर ठेवलेला मोबाईल किंवा हेडसेटही त्याची सुई हलवतो.

अल्टिमीटर

अल्टिमीटर हवेच्या दाबावरून उंची दाखवतो. त्यात दाबाचा आकडा चुकीचा लावणं ही चूक सर्वांत घातक, कारण बाहेर ढग असतील तर ती कळतच नाही. दाबाच्या प्रत्येक हेक्टोपास्कलमागे सुमारे 27 ते 30 फूट धरा. नियंत्रकाने 992 हेक्टोपास्कल सांगितलं आणि सवयीने 29.92 इंच (म्हणजे 1013 हेक्टोपास्कल) लावलं, तर अल्टिमीटर खऱ्यापेक्षा सुमारे 600 फूट जास्त दाखवेल. दाब सांगताना आणि परत वाचताना एकक मोठ्याने म्हणा. हवा प्रमाणापेक्षा फार थंड असेल तेव्हाही खरी उंची दाखवलेल्यापेक्षा कमी असते.

नकाशा आणि जीपीएस

खाली दिसलेली नदी नकाशावर शोधू नका. घड्याळावरून आपण कुठे असायला हवं ते ठरवा, नकाशावर तिथे काय आहे ते पाहा, मग खाली बघा. उलट केलंत तर कुठलीही नदी ‘तीच’ वाटते.

जीपीएसचा डेटाबेस 28 दिवसांच्या चक्राने बदलतो; तारीख तपासा. ‘डायरेक्ट टू’ (थेट त्या ठिकाणी) या बटणाची सरळ रेघ डोंगर किंवा निषिद्ध हवाई क्षेत्रातून जाते का, हे यंत्र तुमच्यासाठी ठरवत नाही. पडद्यावरच्या स्थानाने एकदम उडी मारली, घड्याळ बदललं किंवा समुद्रावर जमिनीचा इशारा वाजला, तर सिग्नल बनावट असू शकतो. व्हीओआर-डीएमईशी (दिशा आणि अंतर सांगणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांशी) ताडा आणि नियंत्रकाला कळवा.

वाट चुकल्यावर

आधी विमान सांभाळा. वेळ लिहून ठेवा. हवामान परवानगी देत असेल तर वर चढा. दृष्टीही लांब जाते, रेडिओही. वेग काटकसरीचा ठेवा. ज्या नियंत्रकाशी संपर्क आहे त्याला लगेच सांगा. कोणीच मिळत नसेल तर 121.5 मेगाहर्ट्झ ही आणीबाणीची वारंवारता, आणि संकट असेल तर ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर) 7700 हा संकटाचा कोड. पहिल्याच वाक्यात इंधन किती मिनिटांचं उरलं आहे ते सांगा, लिटरमध्ये नको.