सफरचंद दिसतं आणि मग स्क्रीन काळी पडते?

हॅकिंटॉश, म्हणजे मॅकओएस चढवलेला साधा पीसी, सुरू करताना पट्टी अर्ध्यावर सरकते, स्क्रीन काळी होते, पण कॅप्स लॉक दाबलं की कीबोर्डवरचा दिवा लागतो? मग मशीन चालू आहे, अडलंय ते फक्त चित्र. ग्राफिक्स कार्ड बदलायची घाई करू नका. रेडिऑन आरएक्स ५५००, ५६०० किंवा ५७०० असेल तर ओपनकोअरच्या (मॅकओएस सुरू करून देणाऱ्या बूटलोडरच्या) कॉन्फिग फाइलमध्ये बूट-आर्ग्सच्या, म्हणजे सुरू होतानाच्या सूचनांच्या, ओळीत ‘एजीडीपीमॉड=पिकेरा’ (agdpmod=pikera) घाला; रोमन लिपीत, सगळी अक्षरं लहान, मधे जागा न सोडता. लिलू आणि व्हॉटेव्हरग्रीन हे दोन्ही केक्स्ट (ड्रायव्हरसारख्या जोडफाइली) हवेतच, यादीत लिलू आधी. मग एनव्हीरॅम (सुरू होतानाच्या सेटिंग्ज साठवणारी मेमरी) रीसेट करा. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १०६० साठी मात्र रात्री जागवू नका: मॅकओएस हाय सिएरानंतर त्याला ड्रायव्हरच मिळालेला नाही.