मोजक्याच स्पोर्ट्सकार काढायच्या तर पैशाची मांडणी कशी करावी

संख्या आधी ठरवा, गाडीचं चित्र नंतर काढा. पत्रा दाबायचा की साचे करायचे, इंजिन घडवायचं की विकत घ्यायचं, दिवे कुठून आणायचे, हे सगळं त्या एका आकड्यावर ठरतं. लाखभर गाड्या काढणारा कारखाना पत्रा दाबायच्या पोलादी ठशांवर (डाय) घातलेले शंभर कोटी गाडीमागे दहा हजारांवर आणतो. तेच शंभर कोटी शंभर गाड्यांवर वाटले तर गाडीमागे एक कोटी पडतात.

दोन रकाने

पहिल्या रकान्यात एकदाच होणारा खर्च लिहा: डिझाइन, प्रोटोटाइप, साचे, क्रॅश चाचणीत फोडायच्या गाड्या, कॅलिब्रेशन (इंजिनाच्या नियंत्रणाची गाडीप्रमाणे जुळवणी), मंजुरी आणि या सगळ्या काळातले पगार. दुसऱ्यात गाडीमागचा खर्च: माल, मजुरी, रंग, वितरकाचं कमिशन आणि वॉरंटीसाठी बाजूला ठेवायची रक्कम. वॉरंटीची रक्कम हमखास विसरली जाते. मोठ्या कंपनीला पहिल्या हजार गाड्यांत दोष कळतात आणि पुढच्या लाखभर गाड्या सुधारून निघतात. तुमच्या बाबतीत दोष कळेपर्यंत अर्ध्या गाड्या गिऱ्हाइकाच्या दारात गेलेल्या असतात.

सोयीचे आकडे घेऊन हिशेब करू. एकदाचा खर्च ६० कोटी, गाडीमागचा ९० लाख, कर वगळून हाती येणारी किंमत १ कोटी ७५ लाख, योजना १२० गाड्यांची. प्रत्येक गाडीमागे ८५ लाख सुटतात. ६० कोटींना ८५ लाखांनी भागलं की ७०.६ येतात, म्हणजे ७१ वी गाडी विकल्यावर खर्च निघाला.

आता नेहमी घडणाऱ्या तीन गोष्टी यात घाला. काम सहा महिने लांबलं; पगार, भाडं आणि व्याज मिळून महिन्याला १ कोटी २० लाख धरले तर ७ कोटी २० लाख वाढले. खर्च निघायला आता ८० गाड्या लागतात. अर्ध्या वाटेत इंजिन बदललं, त्याचे १५ कोटी, आकडा ९७. कार्बन फायबरचे भाग जास्त बाद झाले आणि गाडीमागचा खर्च १५ लाखांनी चढला, आकडा ११८. मंदी आली नाही, एकही ऑर्डर रद्द झाली नाही, तरी १२० गाड्यांचा नफा जवळजवळ संपला.

हा तक्ता दर महिन्याला खऱ्या आकड्यांनी पुन्हा भरा. ठरवलेल्या संख्येच्या साठ टक्के गाड्यांत खर्च निघत नसेल तर काम सुरू करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. फोक्सवॅगनच्या मालकीच्या बुगाटीने काढलेल्या वेरॉन या सुपरकारचा दाखला इथे देऊ नका. २००५ ते २०१५ या काळात तिच्या ४५० गाड्या निघाल्या आणि विश्लेषकांच्या अंदाजाने प्रत्येकीमागे चाळीस लाख युरोंहून जास्त तोटा झाला. तो पचवायला मागे फोक्सवॅगन होती. टोयोटाच्या लेक्सस एलएफए या स्पोर्ट्सकारचंही तसंच. अॅल्युमिनियमची बांधणी ठरलेली असताना टोयोटाने ती कार्बन फायबरवर नेली, काम लांबलं, आणि शेवटी ५०० गाड्या निघाल्या. त्या अनुभवाचा टोयोटाला पुढे उपयोग होता. ज्याच्याकडे ही एकच गाडी आहे, त्याला तो अनुभव परवडत नाही.

इंजिन विकत घ्या, पण पूर्ण घ्या

मॅक्लारेन एफ१ मध्ये बीएमडब्ल्यूचं व्ही१२ होतं, पगानीकडे मर्सिडीज-एएमजीचं, एरियल अॅटमकडे होंडाचं. आपल्याकडच्या डीसी अवंतीत रेनॉचं दोन लिटर टर्बो होतं. यात कमीपणा काही नाही. नव्या इंजिनाच्या टिकाऊपणाच्या आणि उत्सर्जनाच्या चाचण्याच छोट्या कंपनीचं भांडवल खाऊन टाकतात.

मात्र नुसतं इंजिन उचललं की फसगत होते. करारात इंजिनाबरोबर ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), त्याचं वायरिंग, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा), गिअरबॉक्स आणि कॅलिब्रेशन बदलायची लेखी परवानगी मागा. एबीएसचं (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारं) युनिट दुसऱ्याच गाडीचं असेल तर ईसीयूला ओळखीचे संदेश मिळत नाहीत. डॅशबोर्डवर दिवे पेटतात आणि इंजिन लिंप मोडमध्ये जातं, म्हणजे मुद्दाम कमी ताकदीने चालतं. दुसरी अडचण एक्झॉस्टची. इंजिन सीटमागे नेल्यावर पाइपांची लांबी बदलते, कन्व्हर्टर तापायला लागणारा वेळ बदलतो, आणि थंड इंजिन सुरू करतानाचं उत्सर्जन मर्यादेबाहेर जातं. म्हणून कन्व्हर्टर मूळ गाडीत मॅनिफोल्डपासून (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्यांपासून) जितका जवळ होता तितकाच ठेवा. कॅलिब्रेशनचे कित्येक आठवडे वाचतात.

दिवे, आरसे, दाराची कुलपं, एसीचा डबा, स्विच हे सगळं चालू उत्पादनातल्या गाड्यांचं घ्या. नव्या दिव्याला साचाही लागतो आणि वेगळी मंजुरीही. जग्वार एक्सजे२२० सारख्या महागड्या सुपरकारलाही मागचे दिवे रोव्हर २०० चे आणि आरसे सिट्रोएन सीएक्सचे होते. पुढची काच मात्र बहुतेकदा स्वतःची करावी लागते. तिथे पुरवठादाराची किमान ऑर्डर आधी विचारा. तुम्हाला १२० हव्यात आणि तो ३०० च्या खाली हात घालत नसेल, तर जास्तीच्या १८० काचा पहिल्या दिवसापासून खर्चात धरा.

सांगाडा आणि साचे

दोनशे गाड्यांच्या आत स्टीलचे प्रेस डाय परवडत नाहीत. सर्वांत स्वस्त सुरक्षित वाट म्हणजे अॅल्युमिनियम एक्स्ट्रूजन (डायमधून ढकलून काढलेल्या पट्ट्या-नळ्या) चिकटवून केलेला सांगाडा. १९९६ ची लोटस एलिस याच पद्धतीची. एक्स्ट्रूजनची डाय प्रेस डायच्या मानाने किरकोळ किमतीत होते. सगळी मेहनत चिकटवण्यात: पृष्ठभाग नीट तयार केला नाही किंवा अॅढेसिव्हचा थर कमीजास्त झाला तर जोड सुटतो, आणि ते बाहेरून दिसत नाही. प्रत्येक बॅचचा नमुना जोड तोडून तपासा.

कार्बन फायबरचा टब (प्रवासी बसतात तो एकसंध सांगाडा) हवाच असेल तर तासांचा हिशेब करा. मॅक्लारेनने दिलेल्या आकड्यांनुसार एफ१ च्या टबला सुमारे ३,००० तास लागत, पुढे रेझिन साच्यात दाबून केलेल्या एमपी४-१२सी च्या टबला सुमारे ४. ही दुसरी पद्धत महागड्या साच्यांची, म्हणून हजारो गाड्यांना शोभणारी. शंभर गाड्यांना हाताने रचलेलं प्रीप्रेग (आधीच रेझिन मुरवलेलं कार्बनचं कापड) आणि ते दाबाखाली भाजणारी ऑटोक्लेव्ह भट्टी हेच बरोबर. प्रीप्रेग उणे १८ अंशांच्या आसपास साठवावं लागतं आणि बाहेर काढल्यावर त्याचा काळ मोजलेला असतो. रोल केव्हा बाहेर आला याची नोंद ठेवली नाही तर शिळा माल टबमध्ये जातो आणि तयार भाग फेकावा लागतो.

बयाणा हे उत्पन्न नाही

बयाण्याची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा आणि ताळेबंदात देणं म्हणून दाखवा. का, ते एक्सजे२२० सांगते. १९८८ च्या बर्मिंगहॅम शोमध्ये दाखवलेल्या गाडीला व्ही१२ इंजिन आणि चारही चाकांना ताकद होती. १९९२ पासून गिऱ्हाइकांना मिळू लागली ती ३.५ लिटरचं ट्विन-टर्बो व्ही६ आणि मागच्याच चाकांना ताकद असलेली. इंजिनिअरिंगच्या दृष्टीने बदल समजण्यासारखा होता; व्ही१२ मोठं, जड आणि उत्सर्जनाच्या नियमांत बसवायला अवघड. पण लोकांनी ५०,००० पौंड भरून रांग लावली होती, त्यांतले बरेच गाडी लगेच चढ्या भावाने विकायच्या बेतात होते. करमुक्त २,९०,००० पौंडांची किंमत महागाईला जोडलेली असल्याने करासह चार लाखांच्या पुढे गेली, मंदी आली, सट्टेवाले मागे फिरले, प्रकरणं कोर्टात गेली. ३५० पर्यंत जाऊ शकणारी संख्या पावणेतीनशेच्या आसपास थांबली.

म्हणून करारात इंजिनाचा प्रकार, किती बदल चालेल आणि किंमतवाढीची कमाल मर्यादा लिहा. रक्कम टप्प्यांत घ्या: नोंदणीला, रंग आणि आतली सजावट ठरताना, जोडणी सुरू होताना. मधल्या टप्प्यावर भरलेली रक्कम परत मिळणार नाही, असं ठेवलं की सट्टेवाले आपोआप गळतात.

मंजुरी आणि कर

बाजार निवडणं म्हणजे चाचण्यांचा खर्च निवडणं. युरोपात लहान मालिकेची मंजुरी वर्षाला १,५०० गाड्यांपर्यंत मिळते आणि काही नियमांत सूट असते. वर्षाला १,००० हून कमी गाड्या नोंदवणाऱ्या उत्पादकाला तिथल्या कार्बन उत्सर्जनाच्या लक्ष्यातूनही वगळलेलं आहे. भारतात पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून मंजुरी घ्यावी लागते आणि बीएस-६ हे उत्सर्जनाचे नियम पाळावे लागतात. संस्थेशी पहिली बैठक साचे करायच्या आधी घ्या. दिव्यांची उंची किंवा सीटबेल्टच्या अँकरची जागा साचे झाल्यावर बदलणं फार महाग पडतं. वेगाच्या चाचण्यांसाठी इंदूरजवळच्या पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे; तिथला वेळ आधीच राखून ठेवा.

सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल गाडीवर ४० टक्के जीएसटी आहे, विजेवरच्या गाडीवर ५. आपल्या उदाहरणातली १ कोटी ७५ लाखांची गाडी पेट्रोलवर असेल तर रोड टॅक्सच्या आधीच २ कोटी ४५ लाखांना जाते, विजेवर असेल तर सुमारे १ कोटी ८४ लाखांना. इंजिन निवडायच्या बैठकीत हा फरक टेबलावर हवा.

शेवटच्या बॅचची ऑर्डर देताना सुटे भागही त्याच ऑर्डरमध्ये घाला: पुढच्या काचा, बंपर, सस्पेन्शनचे आर्म, दिवे. पुरवठादार साचा मोडीत काढणार असेल तर तो विकत घेऊन तुमच्या गोदामात ठेवा. पाच वर्षांनी एक बंपर नव्याने करून घ्यायचा झाला तर साच्यापासून सुरुवात करावी लागते.