आपल्या तालुक्यातील तुरुंगाचा इतिहास कसा लिहावा

गोव्यात तुरुंगाचा विषय निघाला की आग्वाद आणि स्वातंत्र्यसैनिक एवढेच आठवते. ती आठवण आपल्याला प्रिय आहे आणि ती तशीच राहावी; पण ज्याला एखाद्या तुरुंगाचा इतिहास लिहायचा आहे, त्याने त्या तुरुंगाचा खर्च कोण करीत होता आणि कैद्याच्या पोटात अन्न कोठून जात होते, हा प्रश्न आधी हाती धरावा.

या प्रश्नाचे मोल इंग्लंडच्या उदाहरणावरून कळते. बेडफर्डशायर काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) शेरीफ हा अधिकारी झालेला जॉन हॉवर्ड १७७३ मध्ये तेथील तुरुंग पाहू लागला, तेव्हा न्यायालयाने निर्दोष सोडलेली माणसेही केवळ तुरुंगाधिकाऱ्याचे शुल्क देता न आल्यामुळे आत खितपत पडलेली त्याला आढळली, कारण त्या अधिकाऱ्याला पगार नव्हता आणि त्याचा चरितार्थ कैद्यांच्या पैशांवर चाले. तेथील स्थानिक तुरुंग १८७८ मध्ये काउंट्यांकडून मध्यवर्ती सरकारकडे गेले. म्हणून त्याआधीच्या काळासाठी काउंटीच्या न्यायाधीशांच्या त्रैमासिक बैठकांची दप्तरे आणि हिशेब पाहावे लागतात. तुरुंगाचा धनी बदलला की कागदांचे ठिकाणही बदलते, हे सूत्र गोव्यालाही लागू पडते आणि आपल्याकडे ती सीमारेषा १९ डिसेंबर १९६१ ही, म्हणजे गोवा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाल्याची तारीख आहे.

कामाला लागताना इमारतीचे वय आणि तुरुंगाचे वय वेगळे करावे. आग्वादचा किल्ला १६१२ मध्ये पुरा झाला आणि रेइश मागूशचा १५५१ मध्ये उभा राहिला, परंतु दोन्ही ठिकाणी तुरुंग नंतरचा आहे. रेइश मागूशचा तुरुंग १९९३ पर्यंत चालला, तर आग्वादचे कैदी २०१५ मध्ये कोलवाळच्या नव्या कारागृहात हलवण्यात आले. दरवाजावरील शिलालेखाचे साल तुरुंगाचे म्हणून लिहिण्याची चूक फार सहज होते.

त्यानंतर पणजीचे पुराभिलेख खाते गाठावे. हे दप्तर १५९५ पासूनचे आहे. पोर्तुगीज कागदांत तुरुंगाला ‘कादेया’, धर्मपीठाच्या तुरुंगाला ‘आल्जूब’ आणि हद्दपारीच्या शिक्षेला ‘देग्रेदो’ म्हणतात. हे शब्द ओळखता आले तर सूची चाळणे बरेच सोपे होते. एकोणिसाव्या शतकासाठी १८३७ मध्ये सुरू झालेले सरकारी राजपत्र उपयोगी पडते. पेडणे, सत्तरीसारख्या नव्या काबिजादीतील, म्हणजे पोर्तुगीजांनी अठराव्या शतकात मागाहून घेतलेल्या मुलखातील, तालुक्यांसाठी मोडी कागदांचीही चौकशी करावी. पोर्तुगीज वाचता येत नसेल, तर गावात लिसेंवात (पोर्तुगीज माध्यमिक शाळेत) शिकलेले कोणी वडीलधारे असतील त्यांच्याजवळ बसावे. अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत, म्हणून हे काम पुढे ढकलू नये. प्रत्येक नोंदीसोबत दप्तराचा क्रमांक आणि पान त्याच वेळी लिहून ठेवावे.

राजकीय कैद्यांचा माग अनेकदा समुद्रापलीकडे जातो. गोवा मुक्तिलढ्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ मध्ये लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात पाठवले, तर त्याच लढ्यातील मोहन रानडे १९६९ मध्ये लिस्बनजवळच्या काशियाशच्या तुरुंगातून सुटले. पोर्तुगीज राजकीय पोलिसांची कागदपत्रे लिस्बनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत. सुधाताई जोशी १९५५ मध्ये सत्याग्रह करून तुरुंगात गेल्या. स्त्रियांना कोठे व कसे ठेवले जाई, हा प्रश्न प्रत्येक तुरुंगाबाबत स्वतंत्रपणे विचारावा, कारण तो बहुधा कोणी विचारलेलाच नसतो.

मुलाखत घेताना केवळ लाठीमाराच्या आठवणी विचारू नयेत. पाणी किती मिळे, भेटीचा दिवस कोणता, घरचा डबा आत जाई का, पत्र कोण वाची, हे विचारावे आणि शक्य तर डबा नेणाऱ्या बहिणीला वा मुलालाही बोलते करावे. चोरी किंवा मारामारीसाठी आत गेलेला साधा कैदीही या इतिहासाचा भाग आहे. मात्र त्याचे वंशज गावात राहत असतील, तर घरच्यांना विचारल्याशिवाय त्याचे नाव छापू नये. नाव गाळले तरी गुन्हा, शिक्षेची मुदत आणि साल यांची नोंद ठेवता येते.