एम. ए. इतिहास: लघुप्रबंध आणि मौखिकी

एम. ए.च्या नव्या रचनेत संशोधन प्रकल्पाला तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांक असल्यामुळे लघुप्रबंध शेवटच्या महिन्यात उरकण्याची जुनी रीत आता परवडत नाही. माझा विषय पेशवेकालीन महसुलाचा होता, म्हणून पुढील मजकूर मुख्यतः मोडी कागद हाताळणाऱ्यांच्या उपयोगाचा आहे.

विषय ठरवण्याआधी साधने पाहावीत. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तराचे कागद रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधलेले आहेत, आणि त्यांचा पसारा एवढा आहे की ‘पेशवेकालीन समाजजीवन’ असा ऐसपैस विषय घेऊन गेलेला विद्यार्थी सुरुवातीलाच गांगरतो. एक परगणा आणि दहा-पंधरा वर्षांचा काळ एवढा आवाका पुरे. भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केलेली साधने आधी चाळली, तर काही कागद छापून झालेले आढळतात आणि डोळ्यांचे श्रम वाचतात. मोडी मात्र स्वतःला यायलाच हवी. दुसऱ्याकडून लिप्यंतर करून घेतलेल्या कागदावर मौखिकीत प्रश्न आला, की उत्तर सुचत नाही.

कागदाची नोंद घेताना रुमालाचा क्रमांक, मूळ तारीख जशीच्या तशी आणि मग इसवी सन, असा क्रम ठेवावा. याचे महत्त्व मला मौखिकीतच नीट कळले. माझ्या एका तळटीपेत ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असा सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांत अरबी संख्याशब्दांनी लिहिलेले वर्ष, होता. बाह्य परीक्षकांनी विचारले, “हे पत्र पानिपतच्या आधीचे की नंतरचे?” हे शब्द ११६१ हा आकडा सांगतात, सुहूर सन मृगापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीस पालटतो, म्हणून इसवी सन काढताना त्यात वर्षाच्या पूर्वार्धासाठी ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवावे लागतात. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ची, म्हणजे ती त्याच सुहूर वर्षात पडते. तेव्हा केवळ सनावरून उत्तर देता येत नाही. ‘छ’ या खुणेपुढचा चंद्र, म्हणजे चांद्र दिवसाचा आकडा, आणि हिजरी महिना पाहावा लागतो. माझ्या नोंदीत दोन्ही उतरवलेले होते, आणि पुढची चर्चा त्या एका पत्रावरच बराच वेळ रंगली. प्रबंधाचा गोषवारा पाठ करून येणाऱ्यांना परीक्षक फार काळ बोलू देत नाहीत, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

वाङ्मयचौर्याच्या तपासणीचा बाऊ करू नये, पण ती गृहीतही धरू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान साम्य आढळल्यास जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारित प्रत द्यावी लागते. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळली जातात, म्हणून अवतरणचिन्हांत हयगय नको.

मार्गदर्शकांना प्रकरणे एकगठ्ठा न देता लिहून होतील तशी द्यावीत. मौखिकीत सुचवलेल्या दुरुस्त्या तिथल्या तिथे टिपून घ्याव्यात आणि विभागाचा नियम आड येत नसेल, तर ग्रंथालयात द्यायच्या प्रतीची पक्की बांधणी त्या करून झाल्यावरच करावी.