गोडाऊनमधलं फायरचं सामान ऐनवेळी चालावं म्हणून महिन्यातून एकदा हे बघाच

मी नाशिकमध्ये बरीच वर्षं गोडाऊन सांभाळतोय, माल जास्त करून द्राक्षाच्या पॅकिंगचा, पुठ्ठ्याची खोकी, पनेट म्हणजे द्राक्षाचे छोटे प्लास्टिकचे डबे, बबल शीट, पाऊच, म्हणजे काडी लागली की पेटणाराच सगळा. एका सीझनला फेब्रुवारीत, माल पत्र्याला टेकलेला, बाहेर रॅकचं वेल्डिंग चाललं होतं आणि ठिणगी खिडकीतून आत खोक्यांच्या बंडलवर पडली. पोरगा धावत हायड्रंटकडं, म्हणजे आगीच्या पाण्याच्या नळाकडं गेला, पेटी उघडली तर पाईप आहे पण नोझल गायब, पितळी नोझल कुणीतरी भंगारात घातलेलं. तसाच पाईप जोडून व्हॉल्व्ह फिरवला तर नुसती करंगळीएवढी धार, कारण पंप ऑटोवर नव्हताच, रात्री सारखा सुरू होतो म्हणून कुणीतरी स्विच मॅन्युअलवर करून ठेवलेला. शेवटी आग विझवायचे चार सिलिंडर आणि बादल्यांवर विझलं. फाईलमध्ये मात्र सगळं ओके होतं.

तेव्हापासून मी महिन्याच्या पहिल्या सोमवारी स्वतः फिरतो, तास दीड तास जातो, तुम्हीही फिरा, फायरची यंत्रणा तपासणाऱ्या एजन्सीचा माणूस येतोय म्हणून सोडू नका.

सुरुवात पंपरूमपासून करा. पॅनेलवर जॉकी (लाईनमधलं प्रेशर टिकवणारा छोटा पंप), मेन आणि डिझेल तिन्ही पंपांचे स्विच ऑटोवर पाहिजेत. नुसतं बघून उपयोग नाही, लांबचा एखादा हायड्रंट थोडा उघडा, गेजवर प्रेशर उतरलं की आधी जॉकी आणि मग मेन पंप आपोआप उचलला पाहिजे. डिझेल पंप आठवड्यातून एकदा चालवा, बॅटरी उतरलेली असली की तो लोखंडाचा गोळाच. जॉकी सारखा चालू बंद होत असेल तर लाईन कुठंतरी गळतीय, ती गळती शोधायची, स्विच मॅन्युअलवर करून गप्प बसायचं नाही. टाकीतलं पाणी झाकण उघडून डोळ्यानं बघा, उन्हाळ्यात फायरच्या टाकीतलं पाणी लोक बिनधास्त दुसरीकडं वापरतात. मग प्रत्येक होज पेटी उघडून नोझल आहे का, कपलिंगचं रबर जागेवर आहे का बघा आणि एखादा पाईप पूर्ण उलगडा, घडीवर कुजलेला असला तर तिथंच फाटतो.

सिलिंडरचं बघा, एबीसी पावडरचा ६ किलोचा असतो त्याचा प्रेशरचा काटा हिरव्यात पाहिजे, पिन आणि सील शाबूत पाहिजे, नळीत गांधीलमाशीनं घर केलेलं मी स्वतः काढलंय तेव्हा नळी पण तपासा. सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइड गॅसच्या) सिलिंडरला काटा नसतो, तो वजन करूनच कळतो, हे कित्येकांना माहीतच नसतं. आणि कुठूनही निघालं तरी १५ मीटरच्या आत सिलिंडर हाताशी आला पाहिजे, पॅलेटच्या मागं लपलेला सिलिंडर असून नसल्यासारखाच.

आता थप्पी. सीझनला जागा कमी पडते हे मलाही कळतं, तरी स्प्रिंकलरच्या, म्हणजे छताखालच्या पाणी फवारणाऱ्या तोंडांच्या, खाली दीड फूट मोकळं सोडाच, नाहीतर पाणी वरच्याच खोक्यावर आपटतं आणि आग खाली पसरत राहते. स्प्रिंकलरची ती लाल काचेची नळी ६८ डिग्रीला फुटते आणि आगीच्या वरच्याच फुटतात, सिनेमात दाखवतात तसं अख्ख्या गोडाऊनमध्ये पाऊस पडत नाही, त्यामुळं माल भिजेल या भीतीनं व्हॉल्व्ह बंद करून ठेवू नका. ट्यूबलाईट आणि फोकसखाली माल नको. मागचं दार आतून चावीशिवाय उघडलं पाहिजे, चोरीची भीती असेल तर सायरन लावा पण कुलूप नको, धुरात चावी सापडत नाही. आणि ई-बाईक किंवा त्याची बॅटरी मालाशेजारी चार्जिंगला लावू देऊ नका.

खतं-औषधांचं गोडाऊन असेल तर हे नीट वाचा. द्राक्षाला लागतं म्हणून गंधक पावडर आणि १३-०-४५ एकाच कोपऱ्यात ठेवलेलं मी दिंडोरी, पिंपळगावकडं बघितलंय. १३-०-४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आगीला ऑक्सिजन पुरवतं, आणि गंधकासोबत ते म्हणजे बंदुकीच्या दारूतलेच दोन घटक एका छताखाली. लांब ठेवा, मधे भिंत असली तर उत्तम. गंधक पेटलं तर ज्योत निळसर असते, दिवसा पटकन दिसत नाही आणि धूर छातीत भरतो. त्यावर जोरात पाण्याची धार मारायची नाही, भुकटी उडून भडका होतो, बारीक फवाराच मारायचा.

वेल्डिंग गोडाऊनमध्ये किंवा खेटून होणार असेल तर आधी ३०-३५ फुटांतला माल हलवा, नाही हलत तर ओल्या पोत्यांनी झाका, सिलिंडर घेऊन एक माणूस उभा करा आणि काम संपल्यावर त्याला तासभर तिथंच ठेवा, ठिणगी पुठ्ठ्यात गेली की लगेच ज्वाळा दिसत नाही.

कागदाचं थोडक्यात, महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यात जबाबदारी मालक किंवा भोगवटादाराची आहे, म्हणजे भाड्यानं घेतलंय म्हणून सुटका नाही, आणि यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी लायसन्सवाल्या एजन्सीकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो.

आग दिसलीच तर पहिलं ओरडा, माणसं बाहेर काढा, मेन स्विच पाडा आणि १०१ ला फोन लावा, हे एकानं एकामागं एक नाही तर चौघांनी एकदम करायचं, कोण काय करणार हे आधीच ठरलेलं पाहिजे. आग कमरेच्या खाली असेल आणि पाठीमागं दार असेल तरच सिलिंडर घ्या. पिन काढा, सात-आठ फुटांवर उभे राहा, नळी ज्वाळेवर नाही तर बुडाशी रोखा, दांडा दाबा आणि डावी-उजवीकडं फिरवत पुढं सरका. ६ किलोचा सिलिंडर १५-२० सेकंदात रिकामा होतो, म्हणून दोघांनी दोन घेऊन जा. धूर डोक्याच्या उंचीला आला की सिलिंडर टाकायचा आणि वाकून बाहेर, मोबाईल-कॅशसाठी परत आत जायचं नाही. बंद शटर तापलं असेल आणि फटीतून धूर आत-बाहेर होत असेल तर ते उघडू नका, हवा मिळाली की भडका तोंडावर येतो.

पुठ्ठा, कापूस, बारदान विझलं असं वाटतं पण आत धुमसत राहतं. आमचीच ती थप्पी दुपारी विझली आणि रात्री अकराला परत धूर यायला लागला, कारण पावडरनं ज्वाळा मरते, गारवा येत नाही. थप्पी फोडून, बंडल सोडवून, एकेक खोकं पाण्यानं भिजवून उघड्यावर टाका आणि रात्रभर माणूस बसवा. प्लास्टिकच्या रोलचं तर विचारूच नका, इगतपुरीजवळ मुंढेगावला पॉलीफिल्मच्या कारखान्याला १ जानेवारी २०२३ ला आग लागली ती आपण सगळ्यांनी बघितली, एकदा माल पूर्ण पेटला की सिलिंडरचं काम संपतं.

गोडाऊन नाशिकच्या अंबड एमआयडीसीत असेल तर फोनवर नुसतं अंबड सांगू नका, गरवारे पॉइंटवरून आत, प्लॉट नंबर अमुक, पुठ्ठ्याचं गोडाऊन, आत कुणी अडकलंय का नाही, असं सांगा आणि समोरच्यानं ठेवल्याशिवाय फोन ठेवू नका. दोन पोरं मेन रोडला उभी करा, गेटमधल्या ट्रक बाहेर काढा. वॉचमनच्या केबिनमध्ये गोडाऊनचा नकाशा प्लास्टिकमध्ये घालून टांगून ठेवा, हायड्रंट कुठं, मेन स्विच कुठं, गंधक-डिझेल कुठं एवढं त्यावर लाल पेननं लिहा आणि गाडी आली की वॉचमन मामांनी तोच कागद आधी जवानांच्या हातात द्यायचा.